पब्लिक आयपी घेतला, तरी घरचा सर्व्हर बाहेरून मधूनच लागत नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सिमकार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर, नाहीतर गच्चीवर लावलेला रेडिओ. पुरवठादाराकडून पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मागून घेतलेला; पोर्ट फॉरवर्ड केलेला, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या सर्व्हरकडे वळवलेली. पहिल्या दिवशी नेक्स्टक्लाउडसारखा फायलींचा साठा म्हणा, जेलीफिनसारखा व्हिडिओ सर्व्हर म्हणा, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर म्हणा, बाहेरून झकास चालतं. चार दिवसांनी बंद. राउटर बंद करून चालू केला की कधी जमतं, कधी नाही. मग माणूस सेटिंगमध्ये शिरतो आणि जे चालत होतं तेही मोडून ठेवतो.

यातली गोम अशी, की मोबाइल नेटवर्कवरची जोडणी म्हणजे एक सेशन असतं. चालू जोडणीत टॉवर बदलला तर पत्ता सहसा टिकतो. पण सिग्नल पूर्ण गेला, मोडेम रीस्टार्ट झाला किंवा सेशनची मुदत संपली, की जुनं मोडतं आणि नवं उभं राहतं. नव्या सेशनबरोबर पत्ता नवा असू शकतो, आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांचा प्रीफिक्स (सुरुवातीचा भाग) नवा असू शकतो आणि मधल्या फायरवॉलला जुन्या जोडण्यांची काहीच आठवण नसते. त्यामुळे ‘काल चालत होतं’ हा इथे पुरावा धरता येत नाही. दर वेळी पॅकेट नेमकं कुठपर्यंत पोचतं हे पाहायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

पत्ता खरंच पब्लिक आहे का

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १०ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१मधला किंवा १९२.१६८ने सुरू होणारा असेल, तर तो खाजगी. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही कॅरियर-ग्रेड नॅटच्या (पुरवठादार एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो ती पद्धत) मागे आहात. हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ने पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवला. दिसायला पब्लिक वाटतो म्हणून पुष्कळजण इथे फसतात.

आता ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा पत्ता आणि वॅनचा पत्ता जुळतो का ते बघा. संगणकावर व्हीपीएन चालू नको, आणि साइट आयपीव्ही६चा पत्ता दाखवत असेल तर तुलना निरर्थक आहे. दोन्हीकडे आयपीव्ही४च घ्या. दोन जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तरी लगेच हार मानू नका. काही पुरवठादार राउटरला १०ने सुरू होणारा पत्ता देतात आणि त्यांच्या बाजूने एक पब्लिक पत्ता सगळ्या पोर्टांसह एकास एक त्यावर सोडतात. अशा जोडणीत सर्व्हर व्यवस्थित चालतो. निकाल पत्ता बघून लावायचा नाही, बाहेरून येणारं पॅकेट बघून लावायचा.

सगळं नीट चालू असताना अचानक वॅनचा पत्ता १००ने सुरू व्हायला लागला, तर बहुतेक वेळा एपीएन (सिमने नेटवर्कच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जायचं ते ठरवणारं नाव) बदललेला असतो. मोबाइल नेटवर्कवर पब्लिक पत्ता बहुधा एका वेगळ्या एपीएनवरच मिळतो. नेहमीच्या एपीएनवर तेच सिम नॅटच्या मागे जातं. राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं, फॅक्टरी रीसेट झाला किंवा सिम काढून परत घातलं, की बरेच राउटर सिम ओळखून एपीएन ‘ऑटो’वर नेऊन ठेवतात. इंटरनेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. एपीएन हाताने लिहा, ऑटो बंद करा, आणि प्रोफाइलचा प्रकार पुरवठादाराने सांगितला असेल तोच ठेवा. पब्लिक आयपीची सोय फक्त आयपीव्ही४वर असताना प्रोफाइल ‘आयपीव्ही४/व्ही६’ ठेवल्यामुळे वेगळंच सेशन मिळण्याचे प्रकारही होतात. बदल केल्यावर विमान-मोड चालू-बंद करा किंवा मोडेम रीस्टार्ट करा. नुसतं ‘सेव्ह’ दाबून सेशन बदलत नाही.

पॅकेट कुठे अडतंय

चाचणी नेहमी बाहेरून करायची. मोबाइलचं वायफाय बंद करा आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून प्रयत्न करा. त्याच कंपनीच्या सिमवरून केलं तर पॅकेट त्यांच्याच जाळ्यात आतल्या आत फिरतं, आणि ते लागलं किंवा नाही लागलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली असेल तर टीसीपीडंप हे पॅकेटं दाखवणारं साधन थेट वॅन इंटरफेसवर लावा, फिल्टर फक्त त्या एका पोर्टाचं ठेवा, आणि बाहेरून ब्राउझर उघडा. समजा पोर्ट ८४४३ आहे. पडद्यावर साधारण असं दिसतं: एक सिन (टीसीपी जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) आलं. मग १ सेकंदाने तेच सिन पुन्हा, त्यानंतर २ सेकंदांनी पुन्हा, त्यानंतर ४ सेकंदांनी पुन्हा. म्हणजे सुरुवातीपासून मोजलं तर १, ३ आणि ७व्या सेकंदाला. सिक्वेन्स क्रमांक सगळ्यांचा एकच. हा समोरच्या फोनचा ‘अहो, कुणी आहे का?’ असा धोशा आहे. उत्तर जात नाहीये, पण निरोप दारापर्यंत आलाय. याचा अर्थ पुरवठादार सुटला, दोष घरात आहे.

काहीच दिसलं नाही, तर पॅकेट तुमच्यापर्यंत आलंच नाही. अशा वेळी राउटरची सेटिंग बदलत बसणं म्हणजे दिवा विझलाय म्हणून चष्मा पुसण्यासारखं. दोनच शक्यता तपासायच्या: नाव चुकीच्या पत्त्याकडे बोट दाखवतंय, किंवा पुरवठादार ते पोर्ट अडवतोय. २५, ८०, ४४३ आणि ४४५ ही पोर्टं घरगुती जोडण्यांवर पुष्कळदा बंद असतात. एखादं मोठं, आडवळणाचं पोर्ट घ्या, समजा ४८४४३, आणि नावाऐवजी थेट पत्त्यावर प्रयत्न करा. ते दिसलं आणि ४४३ दिसलं नाही, तर प्रश्न मिटला. तेही दिसलं नाही, तर त्या एपीएनवर आत येणाऱ्या सगळ्याच जोडण्यांना फायरवॉल आहे. पत्ता पब्लिक असणं आणि आत येण्याची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवठादाराशी बोलताना ‘पब्लिक आयपी चालत नाही’ असं सांगू नका. ‘इनबाउंड टीसीपी अडवलंय, अमुक पोर्टावर सिन वॅनपर्यंत येत नाही’ असं सांगा. तक्रार पहिल्या पायरीवरच्या माणसाकडून पुढे सरकण्याची शक्यता त्याने बरीच वाढते.

वॅनवर सिन दिसतं पण लॅनच्या, म्हणजे घरातल्या, बाजूला दिसत नाही, तर फॉरवर्डचा नियम चुकला. इथलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरचा आतला पत्ताच बदललेला असतो. डीएचसीपीमध्ये (राउटर आतले पत्ते वाटतो ती सोय) सर्व्हरच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावर, आरक्षण करून टाका, म्हणजे पुन्हा हा विषय नको.

सर्व्हरवर सिन पोचतं पण उत्तर निघत नाही, तर सेवा फक्त १२७.०.०.१वर, म्हणजे त्याच यंत्रातून आलेलं, ऐकत असेल किंवा सर्व्हरचं फायरवॉल आडवं येत असेल. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर खुश व्हा: पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत जाऊन परतही आलंय. फक्त ते नकार देणारं यंत्र तुमचा सर्व्हरच आहे ना, एवढं बघा. कधीकधी राउटर स्वतःच नकार देतो. डॉकरवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, डॉकर प्रकाशित केलेल्या पोर्टांसाठी स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉल साधनाला सरळ वळसा घालतो. त्यामुळे तिथे उलटी भानगड होते: बंद समजलेलं पोर्ट जगाला उघडं असतं.

सर्व्हरवरून सिन-अ‍ॅक (सिनचं उत्तर) निघतं पण बाहेरच्याला मिळत नाही, तर उत्तर दुसऱ्या वाटेने जातंय. घरात फायबर आणि वायरलेस अशा दोन लाइनी असतील तर हे हटकून होतं. निरोप आला वायरलेसवरून, सर्व्हरचा किंवा राउटरचा डिफॉल्ट रस्ता फायबरचा, उत्तर गेलं फायबरवरून वेगळ्या पत्त्याने. समोरचा ते फेकून देतो. यावर उपाय म्हणजे आलेल्या जोडणीला कनेक्शन मार्क लावायचा आणि त्या मार्कची उत्तरं त्याच लाइनच्या राउटिंग टेबलमधून बाहेर काढायची. मल्टी-वॅनची सोय असलेल्या राउटरमध्ये हे तयार असतं, पण राउटरच दोन वेगळे असतील तर सर्व्हरवर सोर्सप्रमाणे राउटिंग करावं लागतं: सर्व्हरला दुसरा आतला पत्ता द्या, आणि त्या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटांसाठी वायरलेस राउटर हाच गेटवे ठेवा.

यूडीपीला हात मिळवण्याची पद्धतच नसल्यामुळे बाहेरून पोर्ट तपासून काही कळत नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन तर चुकीच्या किल्लीला उत्तरच देत नाही, म्हणजे पोर्ट तपासणाऱ्या साइटवर ते कायम बंदच वाटणार. तिथे शेवटचं हँडशेक (दोन्ही टोकांची ओळखपाळख) किती वेळापूर्वी झालं एवढंच बघायचं.

आणि हो, घरातूनच आपल्या पब्लिक नावावर जाऊन ‘लागत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याला हेअरपिन नॅट (आतून पब्लिक पत्त्यावर गेलेलं पॅकेट परत आत वळवणं) लागतं आणि सिमच्या स्वस्त राउटरांमध्ये ते बऱ्याचदा नसतं. घरातल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी सोय) तेच नाव सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर नेऊन सोडा, झालं.

मोडेम एक, राउटर दुसरा

सिमचा राउटर आणि त्याच्या मागे स्वतःचा चांगला राउटर, ही मांडणी बरीच दिसते. दोघंही नॅट करत असतील तर फॉरवर्ड दोन ठिकाणी करावं लागतं आणि एक ठिकाण हमखास विसरलं जातं. पहिल्याला ब्रिज किंवा आयपी-पासथ्रूमध्ये टाकणं बरं, म्हणजे तो नॅट न करता पब्लिक पत्ता पुढे देतो. मात्र पासथ्रूची स्वतःची एक खोड आहे, आणि ‘चार दिवसांनी बंद’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं.

पासथ्रूमध्ये मोडेमला नेटवर्ककडून पब्लिक पत्ता मिळतो आणि मोडेम तो पत्ता डीएचसीपीने तुमच्या राउटरला देतो. सेशन मोडलं, मोडेमला नवा पत्ता मिळाला, पण तुमच्या राउटरकडे जुन्या पत्त्याची लीज (तो वापरण्याची मुदत) अजून शिल्लक आहे. तो जुन्याच पत्त्याने पॅकेटं पाठवत राहतो आणि मोडेम ती टाकून देतो. इंटरनेट बंद, पण दोन्ही डब्यांवर दिवे हिरवे. मोडेममध्ये लीजची मुदत २ ते ५ मिनिटांवर आणता येत असेल तर आणा. येत नसेल तर राउटरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: दर मिनिटाला दोन वेगवेगळे बाहेरचे पत्ते पिंग करायचे, दोन्ही सलग ३ वेळा गेले नाहीत तर वॅन इंटरफेस खाली पाडून वर आणायचा. काही मोडेम सेशन बदलताना इथरनेटची लिंकच क्षणभर पाडतात. तसं असेल तर राउटर आपोआप नवी लीज मागतो आणि तुमचं काम वाचतं.

पासथ्रूमध्येही काही मोडेम ८०, ४४३ किंवा दुरून व्यवस्थापनासाठीचं ७५४७ स्वतःकडे ठेवतात. बाहेरून आपल्या सर्व्हरऐवजी मोडेमचं लॉगिन पान उघडलं तर हे कारण. ते पान जगाला दिसणं तर त्याहून वाईट. वॅनकडून अ‍ॅडमिन प्रवेश ताबडतोब बंद करा, यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना स्वतःच पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, एसएसएचवर (दुरून सर्व्हर चालवण्याची सोय) पासवर्डऐवजी फक्त किल्ली ठेवा. नवा पब्लिक पत्ता मिळाल्यावर काही मिनिटांतच स्कॅनर दार ठोठावायला लागतात, आणि मोबाइल लाइनवर त्यांची पॅकेटंही तुमच्याच डेटात मोजली जातात.

नाव जुन्या पत्त्यावर अडकणं

पत्ता स्थिर नसेल तर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे पत्ता बदलला की नावाची नोंदही बदलणारी सोय, लागतंच. रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी ती नोंद लक्षात ठेवायची मुदत) ६० सेकंद ठेवा, आणि नोंद बदलणारा अपडेटर राउटरच्या वॅन बदलाच्या घटनेवर चालवा. वर खबरदारी म्हणून दर ५ मिनिटांनी एकदा. एकास एक नॅट असेल तर इंटरफेसवरचा पत्ता पाठवून उपयोग नाही, बाहेरून दिसणारा पाठवायला हवा.

इथे दोन छुप्या जागा आहेत. पहिली, एएएए रेकॉर्ड, म्हणजे नावाचा आयपीव्ही६ पत्ता; ए रेकॉर्डमध्ये आयपीव्ही४ असतो. अपडेटर ए रेकॉर्ड बदलतो आणि एएएएला हातही लावत नाही. मग ज्यांच्याकडे आयपीव्ही६ आहे ते आधी मेलेल्या प्रीफिक्सवर जातात. ब्राउझर थोडं थांबून आयपीव्ही४कडे वळतो म्हणून फक्त ‘जरा हळू उघडतं’ असं वाटतं; पण ज्या अ‍ॅपला ही हुशारी नाही ते सरळ टाइमआउट देतं. ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही’ ऐकलं की आधी एएएए बघायचं. आयपीव्ही६ सांभाळायचं नसेल तर ते रेकॉर्ड काढूनच टाका.

दुसरी जागा वायरगार्ड. एंडपॉइंट (समोरच्या टोकाचा पत्ता) म्हणून नाव लिहिलं तरी ते नाव इंटरफेस सुरू होताना एकदाच सोडवलं जातं. त्यानंतर घरचा पत्ता बदलला, डीएनएस बरोबर बदललं, तरी क्लायंट जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत बसतो. घरच्या बाजूने आधी पॅकेट गेलं तर क्लायंट नवा पत्ता शिकतो, पण घरच्या बाजूला क्लायंटचा पत्ता माहीत असेल तरच हे होणार. वायरगार्डच्या साधनांबरोबर नाव पुन्हा सोडवणारी एक तयार स्क्रिप्ट येते. शेवटच्या हँडशेकला १३५ सेकंदांहून जास्त झाले की ती एंडपॉइंट नव्याने लावते. क्लायंटवर ती दर ३० सेकंदांनी चालवली की हा विषय संपतो.

लागतं, पण मध्येच गोठतं

लॉगिनचं पान येतं, फोटो येत नाहीत. एसएसएच जोडलं जातं, पण लांबलचक यादी मागवली की पडदा थिजतो. छोटी पॅकेटं जातात आणि मोठी अडकतात, म्हणजे गडबड एमटीयूची (एका पॅकेटचा कमाल आकार). मोबाइल नेटवर्कात तुमचं पॅकेट टॉवरपासून गाभ्यापर्यंत दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेतात, त्यामुळे पूर्ण १५०० बाइट मिळतीलच असं नाही. आयपीव्ही६वरून आयपीव्ही४ नेणाऱ्या जाळ्यात आणखी २० बाइट जातात. खरं तर वाटेवरच्या राउटरने ‘पॅकेट मोठं झालं’ असा आयसीएमपी निरोप परत द्यायला हवा. तो कुठेतरी फायरवॉलमध्ये गिळला जातो आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

मोजणं सोपं आहे. तुकडे न करण्याचा झेंडा लावून पिंग करा आणि पेलोडचा आकार बदलत जा. १४७२ गेलं तर एमटीयू १५००, कारण हेडरचे २८ बाइट वर असतात. समजा १४७२ जात नाही, १३९० जातं, १४१० जात नाही, १४०० जातं आणि १४०१ जात नाही. मग एमटीयू १४२८. वॅनवर तोच लिहा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीचे तुकडे त्यात बसतील एवढेच ठेवणं) चालू करा. आयपीव्ही४साठी एमएसएस ४० बाइटांनी कमी, म्हणजे १३८८, आयपीव्ही६साठी ६०ने कमी, म्हणजे १३६८. वायरगार्ड बाहेरून आयपीव्ही४वर चालत असेल तर स्वतःचे ६० बाइट खातं, आयपीव्ही६वर ८०. त्याचा नेहमीचा १४२० हा आकडा १५००चं गणित धरून आहे. १४२८च्या लाइनवर तो १३६८ किंवा १३४८ हवा. मोजायचा कंटाळा असेल तर वायरगार्डच्या बोगद्याला १२८० द्या. वेगात किंचित फटका बसतो, पण गोठणं थांबतं. आपल्या राउटरवर आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर तेही उघडा. पिंग लपवून सुरक्षितता वाढत नाही, फक्त हे असले आजार वाढतात.

थोडा वेळ गप्प राहिलं की तुटतं

उघडं ठेवलेलं एसएसएच दहा मिनिटांनी मेलेलं असतं. घरच्या लिनक्स राउटरच्या जोडण्यांच्या तक्त्यात टीसीपीची नोंद मुळात ५ दिवस राहते, त्यामुळे तिथे सगळं जिवंत दिसतं. पुरवठादाराच्या फायरवॉलवर मात्र लाखो ग्राहक असतात आणि तो नोंदी लवकर पुसतो. यूडीपीची नोंद तर अर्ध्या मिनिटातही जाऊ शकते. लिनक्सचा स्वतःचा टीसीपी कीपअलाइव्ह २ तासांनी जागा होतो. इथे त्याचा काही उपयोग नाही. एसएसएचमध्ये दर ३० सेकंदांचा अलाइव्ह संदेश, वायरगार्डमध्ये २५ सेकंदांचा पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, वेबसॉकेटवाल्या (जोडणी सतत उघडी ठेवणाऱ्या) सेवांना रिव्हर्स प्रॉक्सीकडून, म्हणजे पुढे उभा राहून विनंत्या आत देणाऱ्या सर्व्हरकडून, नियमित पिंग, एवढं पुरतं.

शांततेचा आणखी एक परिणाम होतो. काही सेकंद काहीच वाहतूक नसली की मोडेम रेडिओ झोपवतो. बाहेरून पहिलं पॅकेट आलं की नेटवर्कला त्याला हाक मारून उठवावं लागतं. त्यामुळे पहिलं पिंग ६०० मिलिसेकंद आणि पुढची ४० असं दिसणं हा बिघाड नाही. ज्या देखरेख साधनाची मर्यादा अर्ध्या सेकंदाची आहे ते मात्र उगीच बोंब मारेल. तिथली मर्यादा ३ सेकंद करा.

अपलोड

सर्व्हर म्हणजे अपलोड. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा डाउनलोडचा असतो आणि घरच्या सर्व्हरला तो जवळजवळ बिनकामाचा. टॉवर कित्येक वॅट फेकतो, तुमचा मोडेम साधारण २०० मिलिवॅट. म्हणून कडेच्या सिग्नलवर डाउनलोड बरा असतानाही अपलोड गुदमरतो. शिवाय एकच बँड दोन्ही दिशांना वेळ वाटून वापरतात तिथे वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो.

राउटरच्या पानावर दोन आकडे बघा. आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १००पर्यंत चालतं, उणे ११०च्या खाली अपलोडची आशा सोडा. एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) २०च्या वर झकास, ५च्या खाली रडारड. दोन्हींत मी एसआयएनआरला जास्त मान देईन: सिग्नल जोरकस पण गोंगाटही तेवढाच, अशी जागा काही कामाची नाही. राउटर खिडकीत हलवून, बँड एकेक करून लॉक करून, प्रत्येक ठिकाणी १० मिनिटं अपलोड मोजा. बाहेरचा अँटेना लावायचा तर दोन केबली एकाच लांबीच्या आणि अँटेना उणे-अधिक ४५ अंशांत. पातळ केबल १० मीटर ओढली की २ गिगाहर्ट्झला ५ डेसिबल तरी वाटेतच जातात, मग अँटेनाने कमावलेलं गेलं कुठे? त्यापेक्षा मोडेमच वर न्या आणि खाली इथरनेट आणा; ते १०० मीटरपर्यंत काही न गमावता चालतं.

अपलोड भरला की राउटर आणि मोडेमच्या रांगा फुगतात आणि पिंग ४०वरून ८००वर जातं. बाहेरच्याला सर्व्हर बंदच वाटतो. रात्रीचा बॅकअप चालू असतानाच तक्रार येते का बघा. राउटरवर एसक्यूएम (रांगा आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करा, त्यात केक ही पद्धत निवडा, आणि अपलोडची मर्यादा दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवा. पहाटे २ वाजताचा आकडा धरला तर संध्याकाळी एसक्यूएमचा काही उपयोग होत नाही.

गच्चीवरच्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओची दुखणी वेगळी. टॉवर डोळ्यांनी दिसतो म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही. ५ किलोमीटरच्या जोडणीत मधोमध फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती लहरींना लागणारी जागा) त्रिज्या सुमारे ८ मीटर असते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे सरळ रेषेभोवती ५ मीटर, मोकळा लागतो. झाडाला पालवी फुटल्यावर दर वर्षी जोडणी बिघडते ती याचमुळे. आणि दिवसातून एकदोनदा बरोबर मिनिटभर सगळं बंद होऊन आपोआप सुरू होत असेल, तर रेडिओ डीएफएस चॅनेलवर आहे: रडारसारखं काही ऐकू आलं की त्याने चॅनेल सोडायचा आणि नव्या डीएफएस चॅनेलवर बोलण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं, असा नियमच आहे. पुरवठादाराला लॉगमधल्या वेळा कळवा आणि चॅनेल बदलून मागा.

पब्लिक आयपी मिळतच नसेल, किंवा टिकत नसेल

आत येणारं काहीच येत नसेल तर भांडत बसण्यात अर्थ नाही. स्थिर पत्ता असलेला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि घरून त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा काढा. जोडणी घरून बाहेर जाते, त्यामुळे नॅट असो, पत्ता बदलो, सेशन मोडो, २५ सेकंदांच्या कीपअलाइव्हने बोगदा पुन्हा उभा राहतो. वेब सेवा असेल तर त्या सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सी ठेवा आणि प्रॉक्सी प्रोटोकॉल (पाहुण्याचा खरा पत्ता पुढे कळवणारी सोय) चालू करा, नाहीतर घरच्या लॉगमध्ये सगळे पाहुणे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतील आणि फेल२बॅन हा फसलेल्या लॉगिनांवर बंदी घालणारा प्रोग्राम एक दिवस तुमच्या बोगद्यालाच बंदी घालेल. प्रॉक्सीऐवजी नुसतं पोर्ट पुढे ढकललं तर खरा पत्ता टिकतो, पण मग उत्तरंही बोगद्यातूनच परत जायला हवीत. म्हणजे पुन्हा तेच वेगळं राउटिंग टेबल, जे दोन लाइनींच्या वेळी सांगितलं.

८० नंबरचं पोर्ट बंद असल्यामुळे लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र दर वेळी नूतनीकरणाला अडत असेल, तर डीएनएस-०१ पद्धत घ्या, म्हणजे डीएनएस रेकॉर्डवरून नावाची मालकी सिद्ध करायची. तिला एकही पोर्ट उघडं लागत नाही. मेल सर्व्हर मात्र या लाइनवर ठेवू नका. २५ बंद असतं, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या हातात नसतं, आणि घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे मेल नाकारणाऱ्या याद्यांत आधीपासून टाकलेले असतात.

शेवटी मोडेम स्वतःच अडकतो त्याचं. उन्हात तापलेल्या डब्यात किंवा महिनोन्‌महिने चालू असलेल्या सिम राउटरमध्ये हे होतंच. पिंगवर चालणारा पहारेकरी ठेवा, पण पायऱ्या लावून: ३ मिनिटं इंटरनेट नाही तर फक्त सेशन पुन्हा जोडायचं, १० मिनिटं नाही तर मोडेम रीस्टार्ट, आणि ३० मिनिटं नाही तरच वीज तोडून परत द्यायची. वीज तोडणारं स्मार्ट प्लग त्याच राउटरच्या वायफायवर आणि कुठल्यातरी क्लाउडवर अवलंबून नसावं. इंटरनेट गेल्यावर ते आदेश घेणार कुणाकडून? घरच्या सर्व्हरवरून लॅनने चालणारं घ्या, आणि सर्व्हर व राउटरमधला स्विच त्या प्लगवर लावू नका.